म्हशीच्या पायात चप्पल

प्रश्न: माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. तिच्या मावशीनं तिला जाड पुठ्ठ्याचं एक चित्रांचं पुस्तक आणून दिलं. त्यात एक म्हैस चारी पायांत कोल्हापुरी चपला घालून केएमटीच्या बसनं फिरायला निघते आणि एकेक चप्पल हरवत जाते. एक रंकाळा तलावात पडते, एक कावळा डोक्यावर घालतो, एकीत मांजर झोपतं, एक कंडक्टर तिकीट म्हणून ठेवून घेतो. शेवटी म्हैस अनवाणी घरी येते आणि बादलीत बसून झोपते. बस्स, एवढंच. पोरगी आधी खदखदून हसायची. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. ते प्रत्येक पानावर थांबवून सांगतात, ‘म्हशीला खूर असतात, म्हैस चप्पल घालत नाही, म्हशीला बसमध्ये घेत नाहीत.’ लहानपणी खोटं डोक्यात बसलं की निघत नाही, असं आबांचं म्हणणं. हे ऑफिसातून आले की तिच्याकडून चपला मोजून घेतात. नणंदबाई विचारतात, यातून ती शिकणार काय? आणि आता मलाही वाटायला लागलंय, वस्तू हरवल्या तरी चालतात असं तर तिच्या मनात ठसणार नाही ना? गेले आठ-दहा दिवस आमच्यापैकी कुणी ते पुस्तक घेऊन बसलं की ती ओढून मिटून टाकते. पुस्तक काढून ठेवू का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर: पुस्तक काढून ठेवू नका. पुढचे पंधरा दिवस मात्र ते घरात कुणी दुरुस्त करायचं नाही, त्यातलं काही मोजून घ्यायचं नाही आणि ‘सांग बघू, हे काय?’ असं पानोपानी विचारायचं नाही. तुमची मुलगी त्या म्हशीला कंटाळलेली नाही. पुस्तक उघडलं की आपली परीक्षा सुरू होते, हे तिनं ओळखलंय. तसं बोलून दाखवण्याइतके शब्द तिच्याकडे अजून नाहीत, म्हणून ती पुस्तक मिटते. एवढ्या वयाच्या मुलानं पुस्तक मिटणं हे स्पष्ट उत्तर आहे आणि ते मोठ्यांनी मानायचं असतं.

आता आबांची शंका, कारण मुळात सगळं तिथून सुरू झालंय.

म्हशीच्या पायात चप्पल बघून हसू यायला किती गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात ते बघा. ही म्हैस आहे. ती चप्पल आहे. चप्पल माणसं घालतात. म्हशी घालत नाहीत. यातली एक जरी गोष्ट ठाऊक नसेल, तर ते चित्र तिच्या लेखी इतर कुठल्याही चित्रासारखंच. हसू येणारच नाही. कोल्हापूरच्या मुलीनं म्हैस जवळून पाहिलेली असते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर ती डोळ्यांसमोर पिळली जाते, दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून आणि मोरपिसं खोचून मिरवली जाते. दारातल्या चपला तर तुमची मुलगी रोज पायात घालून बघत असणार. या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या म्हणून ती खदखदली. म्हणजे आबा जे शिकवू पाहताहेत ते तिला येतं, आणि ते येतं याचा पुरावा तिचं हसू हाच आहे.

ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं फार बारकाईनं मांडून ठेवली आहे. रशियन बालकवी कोर्नेई चुकोव्स्की यांची मुलगी 23व्या महिन्यात असताना एक दिवस धावत आली आणि ‘कुत्रा म्याव’ म्हणून हसायला लागली. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करतं हे तिला नुकतंच नीट कळलं होतं, आणि कळल्याबरोबर तिनं ते उलटं करून बघितलं. वडिलांनी दुरुस्त केलं नाही, तेही तिच्या खेळात शिरले. ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की असं उलटंपालटं करणं ही मुलाची आपलं ज्ञान तपासून बघायची रीत आहे. आणि याच माणसाच्या मगरीवरच्या गमतीदार कवितेवर 1928 साली ‘प्रावदा’ या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात नादेझ्दा क्रुपस्काया यांनी कडक टीका केली होती. ही बडबड मुलांच्या हातात देऊ नये, त्यातून मगरीबद्दल खरं काहीच कळत नाही, असा त्यांचा सूर होता. क्रुपस्काया स्वतः शिक्षणाच्या क्षेत्रातल्या मोठ्या जाणकार होत्या. म्हणजे शिक्षकाच्या मनात ही शंका येते ती मुलांवरच्या मायेतूनच येते, आणि आबांशी बोलताना हे लक्षात ठेवून बोला. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, म्हातारी भोपळ्यात बसून निघाली, हे त्यांनीही लहानपणी ऐकलंय. त्या ऐकण्यानं मोठेपणी त्यांना भोपळा काय आणि गाडी काय यात गोंधळ झाला नाही, एवढंच त्यांना शांतपणे आठवून द्या.

आबांचं अर्धं म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते सोडून देऊ नये. पॅट्रिशिया गेनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली होती. ज्या पुस्तकांत प्राणी माणसासारखे बोलत-वागत होते, ती ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवत होती आणि त्या प्राण्यांबद्दलची खरी माहिती त्यांना कमी मिळाली होती. इथे ‘अनोळखी’ हा शब्द महत्त्वाचा. जो प्राणी मुलानं पाहिलेलाच नाही, त्याची पहिली ओळख टोपी-चष्म्यातल्या चित्रातून झाली तर गोंधळ होऊ शकतो. म्हणून माहितीचं पुस्तक वेगळं ठेवा: खरे फोटो, एका पानावर एक प्राणी, मागे मोकळी जागा. ते आबांनी वाचावं. गमतीचं पुस्तक ओळखीच्या गोष्टींचं असावं. विकत घेताना दुकानात उभ्या उभ्या एवढंच तपासा: यातली मुख्य वस्तू किंवा प्राणी तिनं प्रत्यक्ष पाहिलाय का? म्हैस, कावळा, बादली, रिक्षा, भाकरी चालेल. पेंग्विनच्या अंगात स्वेटर असेल तर ते वर्ष-दोन वर्षं थांबलं तरी बिघडत नाही. तिला पेंग्विनच नवा, त्यात स्वेटर काय आणि स्वेटर नसणं काय.

नणंदबाईंच्या प्रश्नाला फार वेळ द्यायची गरज नाही. सव्वादोन वर्षांचं मूल गोष्टीतून तात्पर्य काढत नाही. एका म्हशीचं झालं ते सगळ्यांना लागू करायचं, ही उडी त्या वयात जमत नाही. तुमच्या काळजीचं उत्तरही तेच. चप्पल हरवणं गमतीचं वाटतं, कारण चप्पल हरवायची नसते हे तिला कळलंय. वस्तू जागेवर ठेवायची सवय दारात लागते, पुस्तकात नाही. रोज बाहेरून आल्यावर तिच्या हातानं तिची चप्पल एकाच कोपऱ्यात ठेवून घ्या. महिनाभरात फरक दिसेल.

चपला मोजण्याबद्दल थोडं सविस्तर. ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणणं आणि चार म्हणजे किती हे कळणं यात बरंच अंतर असतं. बहुतेक मुलांना अडीच वर्षांच्या आसपास ‘एक’ म्हणजे नेमका एक हे कळतं, त्यानंतर काही महिन्यांनी ‘दोन’, आणि मोजलेला शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास. तुमच्या मुलीला चार चपलांचा हिशेब आत्ता येणार नाही. चुकली की वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मात्र तिला बरोबर कळतं. त्यांना मोजायचंच असेल तर जेवताना करायला सांगा. ‘मला एक शेंगदाणा दे’, आणि तिनं एकच दिला की तो खायचा. हे रोज पाच वेळा पुरे. (शेंगदाणा तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. या वयात तो श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यापेक्षा पोळीचा तुकडा घ्या.) पुस्तकात एवढंच म्हणा: ‘एक चप्पल गेली.’

आता वाचायचं कसं ते. गमतीचं पुस्तक नीट वाचणं हे कसबाचं काम आहे, आणि तुमच्या घरातला सगळा गंभीरपणा इथं लावता येईल.

बसण्यापासून सुरुवात करा. मांडीवर पाठमोरी बसवली तर तिला तुमचा चेहरा दिसत नाही, आणि हे खरं की गंमत, हे मूल आधी चेहऱ्यावर वाचतं. म्हणून चटईवर काटकोनात बसा, पुस्तक दोघींच्या मधे जमिनीवर. दहा-बारा पानांच्या पुस्तकाला पाच ते सात मिनिटं खूप झाली. ऐकणारी एकच आणि वाचणाराही एकच. आजूबाजूला चौघं उभे राहून ‘कशी हसते बघ’ म्हणायला लागले, की ती पुस्तक सोडून माणसं बघायला लागते.

आवाज सरळ ठेवा. ‘म्हैस बसमध्ये चढली’ हे ‘आज दूधवाला उशिरा आला’ या सुरात सांगायचं. वाचणारा आधीच हसला किंवा आवाज फार बदलायला लागला, तर मूल चित्राकडे बघायचं सोडून वाचणाऱ्याकडे बघतं आणि गंमत चित्रातच राहते. ओळ वाचून झाली की थांबा. दोन-तीन श्वास. बोट दाखवू नका, चित्राकडे तुम्ही स्वतः बघत राहा. चुकीची गोष्ट तिची तिला सापडू द्या, कारण हसू त्या सापडण्यातून येतं. बहुतेक वाचन इथेच फसतं. मोठ्यांना शांतता सोसत नाही आणि ते तिच्या आधी बोलून टाकतात. पान उलटायचं काम तिचं. पुठ्ठ्याची पानं जाड असतात ती त्यासाठीच. अंगठा आणि दोन बोटांत धरता येतात. दोन पानं एकदम उलटली तरी चालतं, म्हशीच्या प्रवासाला त्यानं बाध येत नाही.

पहिली काही वाचनं बिनप्रश्नाची. पुस्तक तिला पाठ व्हायला लागलं की मग प्रश्न, पण तीन पानांत एक, आणि उत्तर तिला येतंच अशा जागी. तुम्ही विचारा, ‘चप्पल कुणाच्या डोक्यावर?’ ती म्हणेल, ‘काऊ.’ तुम्ही म्हणा, ‘हो, काऊच्या डोक्यावर चप्पल.’ तिच्या एका शब्दाला दोन शब्द जोडून परत दिले, एवढंच. ‘आता तू म्हण’ नको. म्हणायचं असेल तर ती म्हणेल. ही रीत अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 21 ते 35 महिन्यांच्या मुलांच्या आईवडिलांना शिकवली होती. 1988 च्या त्यांच्या अभ्यासात महिनाभरातच त्या मुलांचं बोलणं, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेलं दिसलं. पुस्तक तेच होतं का, शहाणं होतं का, यापेक्षा मोठं माणूस मुलाच्या शब्दाचं काय करतं याचा तो परिणाम होता.

‘परत, परत’ म्हणाली तर परत वाचा. जेसिका हॉर्स्ट यांच्या 2011 च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द सारख्याच वेळा ऐकवले होते, फक्त काहींना त्याच गोष्टीतून पुन्हा पुन्हा आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांनी शब्द जास्त पक्के केले. जेवणाची वेळ झाली असेल तर आधीच सांगा: ‘अजून एकदा, मग वरणभात.’ झोपताना मात्र हे पुस्तक नको. खदखदून हसलेलं मूल अर्धा तास झोपत नाही. संध्याकाळी अंघोळीच्या आधीची वेळ चांगली.

आबांना या सगळ्यातून बाजूला करू नका. त्यांना सगळ्यात मोठं काम द्या: चुकायचं. शिक्षकानं मुद्दाम चुकायचं आणि विद्यार्थिनीनं दुरुस्त करायचं. आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवावी आणि ‘चला, टोपी घातली’ म्हणावं. तिनं ‘नाय, डोक्यात!’ म्हटलं की ‘अगं बाई, डोक्यात होय?’ म्हणून तिचं ऐकावं. यात नियम एकच, पण कडक पाळायचा. चूक फक्त तिला पक्क्या माहीत असलेल्या गोष्टीत करायची. रंग तिला अजून येत नसतील तर हिरव्याला लाल म्हणू नये, तिथे ती गंमत राहत नाही, चुकीचं शिकवणं होतं. ओळखायचं कसं? चूक ऐकल्यावर ती आधी आबांच्या तोंडाकडे बघते आणि मग हसते, म्हणजे तिला कळलं. नुसतीच गोंधळून बघत राहिली तर लगेच खरं सांगायचं आणि ती चूक परत करायची नाही. आबांचा दुरुस्त करण्याचा आग्रह इथे नातीच्या हातात जातो, आणि म्हशीला खूर असतात हे एक दिवस तीच त्यांना सांगेल. ‘चप्पल नाय’ असे दोन शब्द जोडून ती बोलते का, तेही यात आपोआप कळतं. दोन वर्षं होऊन गेल्यावरही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पुस्तकात गंभीरपणे तपासायच्या गोष्टी आहेतच, फक्त त्या म्हैस खरी की खोटी यात नाहीत. या वयाचं मूल जे बघतं ते करून बघतं. म्हणून पात्र गॅलरीच्या कठड्यावर चढतं, प्लगमध्ये काही घालतं, औषधाच्या गोळ्या किंवा मणी खातं, डोक्यात पिशवी घालतं, असं पुस्तक कितीही गमतीचं असलं तरी आत्ता नको. तुमची म्हैस बादलीत बसून झोपते, ते बघा. घरात पाण्यानं भरलेली बादली उघडी राहत असेल तर ती आधी रिकामी करून पालथी घाला. हे पुस्तक असलं-नसलं तरी करायचंच. दुसरं, हसू कुणावर आहे ते बघा. चप्पल चुकीच्या पायात आहे म्हणून हसणं वेगळं, आणि एखादं मूल जाड आहे, काळं आहे, बोबडं बोलतं म्हणून हसणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं पुस्तक घरात ठेवू नका.

आणि हात लावून तपासायच्या गोष्टी. कोपरे गोल हवेत. पानं पिनांनी जोडलेली नसावीत. चिकटवलेले डोळे, बटणं, मणी नकोत. 31.7 मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक मानतं. आवाज काढणाऱ्या पुस्तकात बटणासारखा चपटा सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूनं बंद होणारं नसेल तर ते पुस्तक घेऊच नका. तो सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी उलटी काढायला लावायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि पानं फुगून सुटतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात पुस्तकं ठेवू नका. लाळ किंवा दूध सांडलं तर घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसून पानं पंख्यासारखी उघडून उभं ठेवा. जोड फाटला तर जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी फेविकॉलनं आतून चिकटवा, पानांच्या मधे प्लास्टिकचा कागद घाला आणि रात्रभर वर पाटा ठेवा. कणकेची खळ नको, तिच्यावर झुरळं आणि कसर येते.

आता मिटलेलं पुस्तक परत उघडायचं कसं? तीन-चार दिवस त्याचं नावच काढू नका. मग ती खेळत असते तिथं जमिनीवर ठेवून द्या, उघडं, कावळ्याच्या पानावर. बोलावू नका. तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा. तिनं बघितलं तर बघू द्या, उचलून बाजूला टाकलं तर टाकू द्या. स्वतःहून तुमच्या मांडीवर आणून ठेवलं की पहिल्या ओळीपासून सुरू करा आणि तिनं मिटलं की तिथंच थांबा, तिसऱ्या पानावर मिटलं तरी. तीन आठवड्यांत ती त्याकडे वळलीच नाही, तर ते पुस्तक वर ठेवून दुसरं आणा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून या शहरात आहे, तिथे मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, पण ती आधी तुम्ही वाचा आणि फोन तिच्या हातात न देता कागदावर छापून घ्या. नवं पुस्तक घरात आलं की आबांना आधी टोपीबद्दल आठवण करा.